बिल्ज पंप म्हणून कूलरचा पंप विकला

उमरेडकडच्या तलावावर आमची 14 फुटी फायबरची बोट आहे, मासेमारीची, मागं छोटी आउटबोर्ड मोटर. जूनमध्ये तिच्या सामानासाठी नागपुरात गेलो आणि 6,800 रुपयांना फसलो. कोणी अशी बोट घेणार असेल त्यानं हे वाचावं म्हणून लिहितोय.

दुकानदारानं विचारलं, "भाऊ, बोटीच्या तळाचं पाणी उपसायला बिल्ज पंप आहे का?" नाही म्हटल्यावर त्यानं मोबाइलवर 23 सप्टेंबर 2023 चे व्हिडिओ काढले. नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हाचे. त्या पहाटे माझ्या मावशीच्या घरात कमरेएवढं पाणी होतं, त्यामुळे ते बघून मी घाबरलोच. मग त्यानं हिशेब मांडला, आणि तो खरा होता: बोटीचा उघडा भाग सुमारे 6 चौरस मीटर, त्यावर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर 600 लिटर, म्हणजे सहाशे किलो वजन. लगेच "मरीन, ऑटोमॅटिक, 1100 जीपीएच" (म्हणजे तासाला 1100 गॅलन) असा स्टिकर लावलेला पंप पुढं आला. बिल मात्र कच्चं.

घरी बायकोनं डबा उघडला. "अहो, हा तर कूलरचा पंप आहे!" खाली चार रबरी पाय, बाजूला जाळी, तोंड जेमतेम अर्धा इंच. स्टिकर नखानं उचकटला, तर आत सोलर कूलरचं 12 व्होल्टचं लेबल. आपोआप सुरू व्हायला फ्लोट स्विच (पाणी चढलं की तरंगून पंप चालू करणारा) किंवा सेन्सर लागतो, त्यातलं काहीच नव्हतं.

बॅटरीला जोडून 15 लिटरची बादली भरून पाहिली. तासाला 1100 गॅलन म्हणजे सुमारे 4,160 लिटर. त्या वेगानं बादली 13 सेकंदांत भरायला हवी. 64 सेकंद लागले. नळी वर चढवली की चांगल्या पंपाचं पाणीही कमी होतं, हे मला ठाऊक आहे. पण मी नळी चढवलीच नव्हती.

तलावावरच्या ढिवर काकांना सांगितलं. ते म्हणाले, "डोंगा रातभर पाण्यात ठेवता का?" नाही, आम्ही रोज काठावर ओढतो. "मंग पंप काह्यले पाह्यजे? मागची बाजू उताराकडं करा, बूच काढून ठेवा."

तसंच करतो आता. बोटीच्या मागं, तळाशी पाणी काढायचं भोक असतं, त्यालाच हे बूच; ते काढलं की पावसाचं पाणी तिथून निघून जातं. पाण्यात ढकलायच्या आधी बूच घट्ट लावायचं, आणि उपसायला एक बादली बोटीत बांधून ठेवायची. बोट दिवसेंदिवस पाण्यातच उभी राहत असेल, किंवा वरून डेक असल्यानं तळाचं पाणी दिसत नसेल, तर पंप नक्की घ्या. पण 1100 च्या पंपाला इंचाहून जाड नळी लागते, ती बघून घ्या, आणि दुकानातच बादली भरून दाखवायला सांगा.

पैसे परत मिळाले नाहीत. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायला बसलो, तर जोडायला पक्कं बिलच नाही. परवा त्या दुकानावरून गेलो. तसेच तीन डबे काचेत मांडलेले होते.