अ‍ॅड्रेनलिन की एविल-हायड्रोकॉर्ट: अँटिबायोटिकची रिअ‍ॅक्शन आली तर आधी काय?

सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन गेलं, दोन मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, घसा आवळतोय, बीपी खाली, आणि आपल्याकडे बऱ्याचदा हात आधी जातो तो एविलकडे (अ‍ॅलर्जीवरचं औषध), सवय दुसरं काय. एविलने खाज नि गांधी कमी होतात, बास, सुजलेला घसा काही उघडत नाही, आणि हायड्रोकॉर्टला (स्टेरॉइडचं इंजेक्शन) तर असर दाखवायलाच काही तास लागतात. अ‍ॅड्रेनलिन मात्र रक्तवाहिन्या आवळून बीपी उचलतं, श्वासनलिका मोकळ्या करतं, सूज उतरवतं, तेही मिनिटांत. मोठ्या माणसाला 0.5 मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूतच, कातडीखाली नको, फरक नाही पडला तर 5 मिनिटांनी परत. हार्टला त्रास होईल म्हणून घाबरतात काहीजण, पण तो धोका मुख्यतः शिरेतून दिलं तर. एविल नंतर द्या की, कोण नको म्हणतंय!