जुन्या १०३५ ची लिफ्ट, भाऊजींचा ७३५ आणि काकांचं आयशर

ट्रॅक्टरचा एचपी किती, सिलिंडर किती हे सगळ्यांना पाठ आहे, त्यात मी जात नाही. मला लिफ्टबद्दल, म्हणजे मागं जोडलेलं अवजार उचलणाऱ्या यंत्रणेबद्दल बोलायचं आहे. माझी मॅसी १०३५ सेकंडहँड, सिंगल क्लचची. वावर आर्वीकडचं, अर्धं भारी काळं, अर्धं मुरमाड. मृगाचा पाऊस बरा झाला, पेरणीयंत्रात सोयाबीन भरलं आणि पहिल्याच धुऱ्यावर यंत्र उचलेना. कसंबसं उचललं तरी इंजिन बंद केलं की हळूहळू खाली बसे. वाफसा दोन-तीन दिवसांचा, अन् इथं हे नाटक.

तालुक्याच्या गावातल्या मेकॅनिकनं न खोलताच निकाल दिला, "पंप गेला भाऊ, नवाच टाका लागते." अठरा हजार सांगितले. आमच्या गावचा म्हातारा मिस्त्री मात्र आधी ऑइल काढून बघा म्हणाला. काढलं तर ताकासारखं पांढरं. गिअर लिव्हरचं रबर फाटलेलं होतं आणि आधीच्या मालकानं ट्रॅक्टर पावसाळाभर उघड्यावर ठेवलेला. या मॉडेलमध्ये गिअर आणि लिफ्टला ऑइल एकच, त्यामुळे वरून झिरपलेलं पाणी थेट पंपापर्यंत जातं. चेनपुलीनं वरचं झाकण उचललं, लिफ्टच्या पिस्टनच्या रिंगा बदलल्या, आतून धुऊन नवं ऑइल भरलं. वीस लिटरचा डबा पुरत नाही, हे आधीच सांगतो. तरी सगळं मिळून नव्या पंपाच्या निम्म्याच्या आत आटोपलं. मिस्त्रीचा हिशोब सरळ आहे: लिफ्ट चढतच नाही तर पंपाकडे बघा, चढते पण इंजिन बंद केल्यावर बसते तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह. तालुक्यावाल्यानं येऊन बघायचे म्हणून पाचशे घेतले ते घेतलेच.

पण खरी चीड रिंगांची नाही. १०३५ चा पंप मागच्या हाउसिंगमध्ये ऑइलात बुडालेला असतो आणि पीटीओच्या, म्हणजे मागं जोडलेली यंत्रं फिरवणाऱ्या शाफ्टवर फिरतो. पीटीओची दांडी टाकलेली नसेल तर लिफ्ट नाही. सिंगल क्लच असेल तर क्लच दाबला की लिफ्टही थांबली. हॅरी फर्ग्युसनच्या १९४६ च्या टीई-२० पासून चालत आलेली ही रचना. धुऱ्यावर आधी यंत्र उचलायचं, मग क्लच. दुसऱ्या ट्रॅक्टरवर हात बसलेला ड्रायव्हर नेमकं उलटं करतो, आणि पेरणीयंत्राचे फाळ शेजाऱ्याच्या तासात. आमच्या शेजाऱ्याला तर भांडायला निमित्तच लागतं.

त्या पेरणीला भाऊजींचा स्वराज ७३५ आणला. क्लच दाबला तरी लिफ्ट उठते, वळण झटपट, ड्रायव्हर खूश. सोयाबीनला तीन ते पाच सेंटीमीटरच्या खाली बी जायला नको, ती खोली त्यानं सारखी धरली. दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत, सीएमईआरआयमध्ये, स्वराजचं मूळ डिझाइन घडलं आणि १९७४ पासून तो बाजारात आला. देशी डोकं, वापरायला सोपा. दिवाळीपर्यंत मॅसी विकायची असं मी घरी जाहीर करून टाकलं होतं.

मग उन्हाळी नांगरटी आल्या आणि मत फिरलं. काळी जमीन चैतात भेगा पडून अशी कडक होते की नांगर एकदम अडतो. पोझिशनवर, म्हणजे एकाच ठरलेल्या उंचीवर लावलेला नांगर तिथं ट्रॅक्टरला नुसता ओढत बसवतो, चाकं जागेवर फिरतात, टायर खातात. मॅसीची ड्राफ्टची दांडी लावली की वरच्या लिंकवरचा दाब वाढल्याबरोबर नांगर थोडा उचलतो, वजन मागच्या चाकांवर येतं आणि ट्रॅक्टर पुढे निघतो. मऊ जागा आली की पुन्हा खाली. ड्राफ्ट स्वराजलाही आहे, पण मॅसीचा मला जास्त हलका वाटला. आमच्याकडचे निम्मे ड्रायव्हर ती दांडी कशाला आहे हे विचारतही नाहीत, पेरणीची आणि नांगरटीची दांडी एकच समजून ओढत राहतात. डिझेलही माझ्या हिशोबात मॅसीला कमी लागलं, आणि डिझेलचा हिशोब मी रात्री झोपण्याआधी करतो.

आता जी गोष्ट डीलरही सांगत नाही ती. पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीची उभी झाडं बारीक करणारे श्रेडर सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरला लावू नका. बोंडअळीमुळे सगळेच आता पऱ्हाटी उभी न ठेवता बारीक करतात, मीही लावला. त्या यंत्राचं फिरतं वजन मोठं. धुऱ्यावर क्लच दाबला तर इंजिन सुटलं, पण श्रेडरच पीटीओतून मागच्या बाजूनं गिअर फिरवत ट्रॅक्टरला पुढे ढकलत राहिला. नालीच्या काठावर ब्रेकवर उभा राहून थांबवला. पीटीओवर एकाच दिशेनं जोर देणारं कपलिंग मिळतं, ते लावल्याशिवाय हे काम करू नये. ड्युअल क्लचला हा त्रास नाही: अर्धा दाबला तर चाकं थांबतात, पूर्ण दाबला तर पीटीओ. १०३५ ड्युअलमध्येही मिळते, जुनी घेताना हेच विचारा, रंग नंतर बघा.

काकांचं आयशर २४२ मात्र वेगळ्याच जातीचं. एक सिलिंडर, हवेवर थंड होणारं. पंचेचाळीस डिग्रीत रेडिएटर उकळायची भानगड नाही, कारण रेडिएटरच नाही. तुरीच्या, हरभऱ्याच्या थ्रेशरवर तो दिवसभर धकधक करत उभा राहतो. फक्त सिलिंडरच्या पात्यांत कुटार अडकतं, ते संध्याकाळी काढायलाच हवं, नाहीतर तापतो. भारी जमिनीत नांगरायला त्याला नेऊ नका, काका रागावतील तरी सांगतो.

कपाशीच्या डवरणीला यातला एकही कामाचा नाही. पऱ्हाटी गुडघ्याच्या वर गेली की बैलच, किंवा भाड्याचा छोटा ट्रॅक्टर.

मॅसीची 'विकणे आहे'ची पाटी मी काढून टाकली. श्रेडरपुरता भाऊजींचाच ट्रॅक्टर मागतो. त्यांचा ड्युअल क्लच आहे. टाकी भरून परत द्यावी लागते, नाहीतर संध्याकाळी बहिणीचा फोन येतो, आणि तो डिझेलपेक्षा महाग पडतो.