‘आइस एज’ : दुसरा भाग की तिसरा?

मे महिन्याच्या सुट्टीत मामे-आते-चुलत मिळून सहा-सात पोरं घरी जमली, की संध्याकाळी एकच सिनेमा दाखवून होतो. दुसरा लावला तर मध्यावर निम्मी झोपलेली असतात. हिमयुगातल्या प्राण्यांच्या ‘आइस एज’ या ॲनिमेशनपट मालिकेचा पहिला भाग बहुतेकांचा पाहून झालेला असतो, आणि चौथ्यापासून पुढचे राहिले तरी फारसं बिघडत नाही. प्रश्न उरतो तो २००६ चा ‘द मेल्टडाउन’ की २००९ चा ‘डॉन ऑफ द डायनासोर्स’ एवढाच. दोन्हींचा मुख्य दिग्दर्शक कार्लोस साल्डान्या. लांबी ९१ आणि ९४ मिनिटं, त्यामुळे घड्याळ बघून निवड होत नाही.

पोरांना विचाराल तर ती डायनासोरच म्हणणार, आणि तिसऱ्या भागाची बाजू खरोखर भक्कम आहे. सिडला तीन अंडी सापडतात, टी-रेक्सची पिल्लं बाहेर येतात आणि हा स्लॉथ (संथ चालीचा प्राणी) त्यांची आई होऊन बसतो. मग खरी आई येते, पिल्लांसोबत त्यालाही जमिनीखालच्या जगात घेऊन जाते. तिची आणि सिडची पिल्लं वाढवण्यावरून जी ओढाताण होते, ती या मालिकेतल्या उत्तम प्रसंगांत मोडते. हसवणाऱ्या वायूची दरी आली की चार वर्षांपासून चाळीसपर्यंत सगळेच हसतात. डायनासोर आणि मॅमथ (हिमयुगातला केसाळ हत्ती) एकत्र कसे, या शंकेचा मला तिथं त्रास होत नाही. डायनासोर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले, मॅमथ त्यांच्या फार नंतरचे. पण बर्फाखाली दडलेलं जग म्हणजे कल्पनाच, हे पोरं पहिल्या पाच मिनिटांत ओळखतात.

मला खटकतो तो बक. एका डोळ्यावर पट्टी बांधलेला हा वीझल (आपल्याकडची पोरं त्याला मुंगूसच म्हणणार) पात्र म्हणून फार सुरेख रंगवला आहे. अडचण अशी की त्याला सगळंच माहीत असतं. मांसभक्षक झाड कळपातल्या मॅनी या मॅमथला आणि डिएगो या सुळेवाल्या वाघाला गिळतं, बक आत शिरून सोडवतो. दरी कशी ओलांडायची हे तोच सांगतो. वाट माहीत असलेला माणूस बरोबर आला की बाकीच्यांना फक्त मागून चालायचं उरतं, आणि सिनेमाचा मधला बराच भाग मॅनी नुसता काळजी करत चालत राहतो. याचा पुरावा सिनेमातच आहे. बक सिडला सोडवायला निघून जातो, इकडे मॅनीच्या जोडीदारणीला, एलीला कळा सुरू होतात, चहूबाजूंनी डायनासोर येतात आणि डिएगोला एकट्याने तिच्यापुढे उभं राहावं लागतं, तेव्हा मात्र नजर हलत नाही. बक नसताना कळप काय करू शकतो ते तिथं दिसतं. तेवढं आधी का दिसू नये?

दुसऱ्या भागात वाट कुणालाच माहीत नाही. खोऱ्याच्या टोकाला बर्फाची भिंत आहे, तिच्यामागे समुद्राएवढं पाणी अडलंय आणि भिंत वितळतेय. एक गिधाड तीन दिवसांची मुदत सांगतं आणि खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला एक होडी असल्याचंही. बस्स. पुढं घसरत्या बर्फावरून, उकळत्या पाण्याच्या फवाऱ्यांमधून प्रत्येकाने आपलं आपण निभवायचं. डिएगोला पाण्याची भीती आहे आणि शेवटी त्यालाच उडी मारावी लागते.

कोल्हापूरच्या पोरांना हा धोका वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी, हे आकडे इथं पावसाळ्यात चहाबरोबर निघतात. पंचगंगा इंचाइंचाने चढते, सिनेमातलं पाणी भिंत फुटून येतं, एवढा फरक मात्र सांगून ठेवा. बर्फाचा बांध फुटणं ही कल्पना नाही. हिमयुगाच्या अखेरीस उत्तर अमेरिकेत मिसूला सरोवराचे असे महापूर अनेकदा आले. बर्फाळ भागातलं सरोवर फुटलं की काय होतं, ते सिक्कीमच्या दक्षिण ल्होनाक सरोवराने ऑक्टोबर २०२३ मध्ये दाखवलंच.

एलीचा प्रसंगही याच दुसऱ्या भागातला. पॉसमनी (शेपटीने लटकणाऱ्या छोट्या प्राण्यांनी) वाढवलेली ही मॅमथ स्वतःला पॉसम समजते, शेपटीने झाडाला लटकते. लहानपणी जिथं ती एकटी सापडली होती, ती जागा ओळखीची वाटते आणि तिला आपण कोण ते कळतं. संवाद मोजके आहेत. तेवढा वेळ पंख्याचा आवाजसुद्धा जास्त वाटतो.

या भागातही चूक आहे, आणि ती लहान नाही. बर्फातून सुटलेले दोन प्राचीन जलचर सरपटणारे प्राणी अधूनमधून हल्ला करतात. त्यांना ना कथा, ना कारण. चढतं पाणी पुरेसं भीतिदायक असताना ते कशाला हवे होते? शिवाय गोठलेला मॅमथ खरोखर सापडतो, हे ठाऊक असलेलं आठ-नऊ वर्षांचं पोर बर्फातून जिवंत निघालेला जलचरही खरा मानण्याची शक्यता आहे. ते मागून समजावून सांगावं लागतं. आणखी एक, पूर काही क्षणांत ओसरतो. ज्यांनी पूर पाहिलाय ती पोरं विचारतील, गाळ कुठाय?

घरात सगळी पाचच्या आतली असतील, किंवा २०१९ वा २०२१ मध्ये घरात पाणी शिरलेलं एखाद्या पोराच्या अजून मनात असेल, तर तिसराच लावा. त्यात वाईट काही नाही. बाकीच्यांसाठी माझा कल दुसऱ्याकडे आहे. क्रमाचाही फायदा आहे : एली कोण आणि मॅनीला ती कशी भेटली हे पाहिलेलं असलं, की तिसऱ्यातलं बाळंतपण जास्त भिडतं. उलट क्रमाने तसं होत नाही.

दाखवताना एवढं सांभाळा. गच्चीवर पडदा लावणार असाल तर सव्वासातच्या आधी सुरू करू नका, उजेडात पाण्याखालचे प्रसंग नुसते निळे दिसतात. लहानांसाठी हिंदी आवाज ठेवा, मोठी पोरं कुरकुरली तरी. भेळ वाटायची असेल तर गिधाडांचं गाणं संपल्यावर वाटा, त्यानंतर पाणी येतं आणि मध्ये उठायला जागा नाही. आणि शेवटी मॅमथचा कळप दिसला म्हणून लगेच दिवे लावू नका, स्क्रॅट ही खार आणि तिच्या ओकच्या फळाचा शेवट त्यानंतर आहे.