३९० रुपयांचा मसाला-गूळ सुकामेवा, आणि त्यातले ६१ ग्रॅम

श्रावणात कोथरूडमधल्या एका ऑरगॅनिकवाल्या दुकानातून मसाला-गूळ ड्रायफ्रूटची बरणी आणली होती, २०० ग्रॅम, ३९० रुपये. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण बनवणारे वेगळे आणि विकणारे वेगळे, आणि काउंटरवरची मुलगी गोड होती बिचारी, तिला उगाच कशाला. रिव्ह्यू लिहायला एवढे महिने का लागले ते पुढे येईलच, कारण बरणी संपल्यावर मी तोच प्रकार घरी करायच्या मागे लागले आणि चार वेळा केल्यावर आत्ता कुठे बोलायची लायकी आलीय असं वाटतंय.

आधी चव. पहिला दाणा तोंडात टाकला तर छान वाटलं, खोटं कशाला बोलू, दालचिनी आणि सुंठ व्यवस्थित लागते, मागून थोडं तिखट येतं. तिसऱ्या-चौथ्या दाण्यापर्यंत नुसतं गोडच गोड, आणि दाढेला चिकटतं ते वेगळं. कुरकुरीत म्हणून लिहिलंय पण कुरकुरीत फक्त वरचं कवच, आतला बदाम मऊ, म्हणजे नीट भाजलेलाच नाही. पॉलिश केलेल्या दातासारखी चकाकी मात्र होती. नवरा म्हणाला हे ड्रायफ्रूट नाहीये, ही पोटात बदाम असलेली लिमलेटची गोळी आहे.

मग मी ते केलं जे केल्याबद्दल घरात अजून चेष्टा होते. १०० ग्रॅम मोजून घेतले, कोमट पाण्यात टाकून गूळ पूर्ण धुऊन काढला, दाणे पंचावर पसरले, मग ओटीजीत, म्हणजे घरच्या छोट्या ओव्हनमध्ये, अगदी मंद आचेवर पूर्ण वाळवले आणि परत काट्यावर ठेवले. ६१ ग्रॅम. अगदी लॅबसारखं नाही, दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे होणार हे मान्य, पण सरळ हिशोब केला तर २०० ग्रॅमच्या बरणीत सुकामेवा १२२ ग्रॅम, म्हणजे भाव पडला किलोला ३२०० च्या आसपास! आणि त्या ६१ मध्ये निवडून बघितलं तर २७ ग्रॅम शेंगदाणे. बरणीवरच्या फोटोत शेंगदाणा औषधालाही नाही, नुसते बदाम-काजू उड्या मारतायत.

बरं हे सगळं पाठीमागे छापलेलं असतं, आपणच वाचत नाही. पाकिटावरच्या घटकांच्या यादीत जे वजनाने सगळ्यात जास्त ते आधी लिहायचं असा नियम आहे, आणि या बरणीवर पहिलं नाव गूळ, मग शेंगदाणे, मग काजू, बदाम, आणि त्यानंतर लिक्विड ग्लुकोज, म्हणजे स्टार्चपासून कारखान्यात बनवलेला गोड पाक. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात ‘रिफाइन्ड शुगर नाही’. आता लिक्विड ग्लुकोज काय झाडाला लागतं का? शेंगदाण्याबद्दल माझी तक्रार नाही हां, उलट १०० ग्रॅम शेंगदाण्यात २५ ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं, बदामात २१ च्या आसपास आणि काजूत १८, म्हणजे स्वस्तातला दाणाच भारी पडतो. तक्रार फक्त बदामाच्या भावात शेंगदाणा विकल्याची.

एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायलाच हवी, मी बरणी उघडली ती भर पावसात. गूळ हवेतलं पाणी ओढून घेतो, पुण्यात जुलै-ऑगस्टला घरी केलेली चिक्कीसुद्धा दोन दिवसांत घाम फोडते, तिथे बरणी आठवडाभर रोज उघडझाप केल्यावर ती चिकट झाली यात त्यांचा सगळा दोष नाही. पण आतला बदाम कच्चट होता तो पावसामुळे नाही.

आता घरचं. पहिल्या वेळी इंटरनेटवरची विलायती पद्धत वाचली, त्यात अंड्याचा पांढरा भाग फेटून त्यात नट्स घोळवायचे, वरून साखर-दालचिनी, आणि मंद ओव्हनमध्ये पाऊण तास. सासूबाईंनी नुसतं माझ्याकडे बघितलं, विषय संपला. मग दीर म्युनिकला असतो त्याने व्हिडिओ पाठवला, तिकडे ख्रिसमसच्या बाजारात तांब्याच्या मोठ्या कढईत साखर, पाणी आणि कच्चे बदाम एकत्रच उकळतात, पाणी उडालं की साखर वाळूसारखी कोरडी होऊन बदामाला चिकटते आणि मग आच तशीच ठेवली की तीच साखर थोडी वितळून चकाकते. म्हटलं हे सोपं आहे, साखरेऐवजी गूळ घालू. अहो तो गूळ काही केल्या वाळूसारखा होईना! वीस मिनिटं ढवळतेय, हात भरून आले, शेवटी सगळ्याचा मिळून एक धोंडा झाला तो बत्त्याने फोडून खाल्ला. नंतर कळलं की गुळात आधीच थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज असतं आणि ते साखरेचे खडे जमूच देत नाही, म्हणून साखरेची युक्ती गुळाला लागू नाही.

आणि हे मला व्हिडिओ बघून नाही, सासूबाईंच्या एका वाक्याने लक्षात आलं. त्या म्हणाल्या, “अगं गुळाचा कधी हलवा बघितलायस का?” बरोबरच की! संक्रांतीचा काटेरी हलवा साखरेचाच करतात, तिळावर चमचा-चमचा पाक घालत मंद शेगडीवर बोटांनी फिरवत राहायचं आणि काटा येतो तो साखर पुन्हा खडा होते म्हणूनच. आईंनी, म्हणजे सासूबाईंनीच, लग्नानंतर हलव्याचे दागिने घरी केलेले आहेत, बोटं भाजून घेऊन. त्यांचं म्हणणं, गूळ घ्यायचा तर तिळाच्या वडीच्या वाटेने जा, हलव्याच्या वाटेने जाऊ नकोस. म्हणजे दाणे वेगळे भाजायचे, पाक वेगळा कडक करायचा, आणि दोघांची गाठ शेवटी घालायची.

सामान आणायला मात्र मी रविवार पेठेत गेले, कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटमधून नाही, आणि या रिव्ह्यूतला कौतुकाचा भाग तोच आहे. आनंदनगरहून मेट्रोत बसले, सिव्हिल कोर्टला बदलली, मंडईला उतरले, तिथून चालत. सुट्टीच्या दिवशी लक्ष्मी रोडला गाडी नेण्याचा अघोरीपणा मी आता करत नाही. बोहरी आळीच्या अलीकडे सुकामेव्याची बरीच दुकानं आहेत, मी एका जुन्या दुकानात शिरले, पोत्यांमधून वाट काढत. मी आपलं ऐटीत म्हटलं, ममरा बदाम द्या. गल्ल्यावरच्या काकांनी विचारलं, “नुसते खायचेत का काही करायचंय?” म्हटलं गूळ लावून भाजायचेत. “मग ममरा कशाला? पैसे वर आलेत का? कॅलिफोर्निया न्या, एकसारखे असतात, एकसारखे भाजले जातात.” महागाचा माल ग्राहकाच्या हातातून काढून स्वस्तातला देणारा दुकानदार, मी तर तिथेच खूश झाले.

काजूचंही तसंच. मला वाटलं पाकळी घेऊ, स्वस्त पडते. काका म्हणाले तुकड्याला गूळ जास्त बसतो, अख्खा घ्या, तीनशेवीस नंबर चालेल. हा नंबर म्हणजे एका पौंडात साधारण तेवढे काजू बसतात, म्हणजे नंबर जितका लहान तितका काजू मोठा आणि महाग. आणि त्यांचा तर्क अगदी बरोबर आहे, तुकडे केले की उघडी बाजू वाढते आणि तेवढा पाकही जास्त चिकटतो. अक्रोड मी तोंडात टाकून बघितला, त्यांनीच सांगितलं बघा म्हणून. अक्रोड सगळ्यात आधी खवट होतो, तो चव बघितल्याशिवाय कधीच घेऊ नये, पाकिटातला तर नाहीच. मी गेले त्या दिवशी बदाम ८८० किलो, काजू ९४०, अक्रोडाचा मगज १३००, शेंगदाणे १५०. भाव रोज हलतात, म्हणून हे पाठ करून भांडायला जाऊ नका. तक्रार एकच, कॅरीबॅग नाही आणि ते आधी सांगत नाहीत, कागदी पुडे हातात धरून मेट्रोत उभी होते.

माझं प्रमाण असं बसलंय: बदाम २०० ग्रॅम, काजू १५०, शेंगदाणे १००, अक्रोड ५०, आणि या अर्ध्या किलोला चिक्कीचा गूळ फक्त १२० ग्रॅम. चिक्कीचाच हां, साध्या गुळाने तो कडकपणा येत नाही. ओटीजी १५० डिग्रीला, बदाम बारा मिनिटं, काजू आठ, अक्रोड सात, तिघं वेगवेगळे, एकत्र टाकलेत तर बदाम होईपर्यंत अक्रोड जळून कडू. शेंगदाणे कढईत भाजून सालं काढून. बाहेर काढल्यावर बदाम मऊच लागतो, घाबरू नका, गार झाला की कुरकुरीत होतो, पण एक तोडून आत बघा, पांढरा जाऊन हलका बदामी रंग आला पाहिजे. बरणीवाल्यांनी हीच पाच मिनिटं वाचवली असणार, माझा अंदाज.

पाकाला जाड बुडाची कढई, त्यात चमचाभर तूप, गूळ, एक चमचा पाणी. फेस येतो, रंग गडद होतो, मग वाटीत गार पाणी घेऊन थेंब टाकायचा, तो गोळा ताटलीत टाकला की टण् वाजला पाहिजे. लोंबला तर अजून व्हायचाय. इथेच सगळं ठरतं आणि इथेच माझी दुसरी वेळ फसली, अर्धा मिनिट आधी उतरवला तर सगळं दाताला चिकटणारं झालं, म्हणजे ३९० रुपयांचीच बरणी घरी केली म्हणा ना. टण् वाजला की गॅस बंद, आणि मग मसाला. आधी घातला तर जळतो. दालचिनी एक चमचा, सुंठ एक चमचा, मिरी अर्धा, काश्मिरी तिखट अर्धा, वेलदोडा आणि जायफळ वासापुरतं, आणि मीठ पाव चमचा, ते विसरू नका, मिठाशिवाय नुसती चिक्की लागते. लगेच सुकामेवा टाकायचा आणि तो गरम हवा. तिसऱ्या वेळी मी दाणे तासभर आधी भाजून ठेवले होते, गार दाण्यांवर पाक पडल्या पडल्या आखडला, निम्मे कोरडे आणि निम्म्यांचा लगदा. तूप लावलेल्या ताटात ओतून दोन काट्यांनी सुटे करायचे, हाताने नाही, पाकाचा चटका पाण्याच्या चटक्यापेक्षा वाईट, माझ्या अंगठ्याला विचारा.

एवढ्याशा गुळाने सगळे दाणे झाकले जात नाहीत, कुठे लागतो कुठे नाही. मला तेच आवडलं. एक गोड, एक तिखट, एक नुसता भाजलेला.

हिशोब नवऱ्याने काढला, मी नाही. सुकामेव्याचे ३९७, गूळ, तूप, मसाला धरून २५, म्हणजे ४२२ रुपयांत सहाशे ग्रॅमच्या वर. तिकडे १०० ग्रॅमला १९५, इकडे ७०. मी हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं तर आई म्हणाल्या, “आणि तुझी दुपार गेली ती कुणाच्या खात्यात?” विजेचं बिलही धरलं नाहीये हे खरं आहे. ज्यांना दुपार नाही त्यांनी नुसते भाजून तिखट-मीठ लावावं, दहा मिनिटांचं काम आहे, पौष्टिकपणात काही कमी होत नाही.

कारण गुळामुळे हे पौष्टिक होतं असं मला कुणी सांगू नये. गूळ म्हणजे जवळजवळ साखरच, त्यातलं लोह वगैरे खरं आहे, पण माझ्या प्रमाणात एका मुठीत गूळ येतो सहा ग्रॅम, त्यात लोह किती येणार? पौष्टिक आहे तो आतला दाणा, आणि तोही मोजूनच, १०० ग्रॅम बदामात ५८० च्या आसपास कॅलरी असतात. आमच्याकडे मूठ ठरलीय, साधारण ३० ग्रॅम, लेकाची मूठ हल्ली मोठी होत चाललीय तो भाग वेगळा. पाच वर्षांच्या आतल्या पोरांना अख्खे देऊ नका, घशात अडकतात, आणि शाळेच्या डब्यात देणार असाल तर वर्गात कुणाला दाण्याची ऍलर्जी नाही ना ते विचारून घ्या.

तर विकतच्या बरणीला पाचपैकी दोन, एक दालचिनीचा आणि एक खुद्द बरणीचा, काच जाड आहे, झाकण घट्ट बसतं, माझा मार्गशीर्षातला चौथा घाणा तिच्यातच भरला होता, तीन आठवडे कुरकुरीत राहिला. रविवार पेठेतल्या काकांना साडेचार, अर्धा कॅरीबॅगचा कापला. परवा परत जायचंय, या वेळी पिशवी घेऊन, आणि आई बरोबर येतो म्हणाल्यात, म्हणजे ८८० वर काही व्यवहार होणार नाही.