पुनर्विकासाचा व्यवहार्यता अहवाल: पाचपैकी चार तारे

पार्ले पूर्वेतल्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी. बिल्डरांची माणसं येऊन ‘काकू, भरपूर एफएसआय आहे’ म्हणायची. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा. तो येतो कुठून ते मात्र कुणी सांगेना. म्हणून एका पीएमसीकडून, म्हणजे पुनर्विकासाच्या सल्लागार कंपनीकडून, व्यवहार्यता अहवाल करून घेतला.

गणित चोख मांडलंय. विकास नियमावली २०३४ नुसार उपनगरात मूळ एफएसआय १. पालिकेला प्रीमियम भरून ०.५ वाढतो, पुढचा टीडीआर विकत घ्यायचा. म्हणजे दुसऱ्या कुणी मैदानासाठी, रस्त्यासाठी आरक्षित जमीन पालिकेला दिली, त्याचा मोबदला म्हणून मिळालेला बांधकामाचा हक्क आपण आपल्या प्लॉटवर वापरायचा. किती वापरता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर. २७ मीटरच्या रस्त्याला एकूण २.५ पर्यंत, आमच्या गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर आल्या की भांडण! वर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे या एफएसआयच्या वर मिळणारं जादा बांधकाम, आणि जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासासाठीच्या ३३(७)(ब) या नियमाखाली जुन्या बांधकामाच्या १५ टक्के किंवा प्रत्येक जुन्या घरामागे १० चौरस मीटर जादा, जे जास्त असेल ते.

सभेत आलेल्या पीएमसीच्या इंजिनिअर मुलीने हे सगळं फळ्यावर मांडलं, जोशीआजोबांना तर तीनदा.

तारा कापला तो शेजारच्या विमानतळामुळे. उंचीची मर्यादा शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात! मजलेच चढणार नसतील तर एवढा एफएसआय ठेवायचा कुठे? हे पहिल्या पानावर हवं होतं.

आणि हो, सभेला येण्याचे पैसे वेगळे लावतात. फी ठरवतानाच विचारून घ्या.