जीएसटी लागणारी एफडी

पाटबंधारे खात्यात मी ३४ वर्षं दुसऱ्यांच्या बिलांतल्या चुका काढल्या. 'त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे' हा शेरा किती वेळा मारला, त्याला गणती नाही. त्याच माणसाकडून निवृत्तीनंतर अडीच महिन्यांत एका तिशीच्या आतल्या पोराने ५,२२,५०० रुपयांचा चेक लिहून घेतला. एफडी म्हणून.

३१ मे २०२२ ला कराडमधून निवृत्त झालो, वय ५८. ऑगस्टच्या सुरुवातीला उपदान (ग्रॅच्युइटी) आणि अंशराशीकरणाचे, म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी मिळणारे, पैसे खात्यात आले. त्यातले ५ लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकायचे, हे माझं आधीच ठरलेलं होतं. ही योजना एरवी साठीनंतरची. पण ५५ ते ६० या वयात निवृत्त झालेल्याला पैसे हाती आल्यापासून महिन्याच्या आत खातं उघडता यायचं. (ही मुदत आता तीन महिने आहे.) तेव्हा व्याज होतं ७.४ टक्के, म्हणजे ५ लाखांवर दर तिमाहीला ९,२५०. माझं पेन्शन महिना २७ हजार. तिमाहीचे ते नऊ हजार आम्हा दोघांच्या औषधपाण्याला धरले होते.

पोस्टात द्यायच्या चेकसाठी पासबुक भरून घ्यायला बँकेत गेलो, तिथे तो भेटला. गळ्यात बँकेचं ओळखपत्र, बसायला मॅनेजरच्या शेजारची केबिन. "काका, पोस्टात कशाला? आपल्याकडे नवीन एफडी आलीय. व्याज जास्त, टॅक्स नाही आणि वर विमा फुकट." पैसे एकदाच भरायचे ना, हे मी दोनदा विचारलं. तो म्हणाला, "एकदाच काका, पाच वर्षांनी उचला." चहा आला. चेक एका विमा कंपनीच्या नावाने लिहायला सांगितला. मी थबकलो, तर म्हणाला, ती आपल्याच ग्रुपची आहे. रक्कम सांगितली ५,२२,५००.

"वरचे साडेबावीस हजार कसले?"

"जीएसटी काका, गव्हर्न्मेंटचा."

इथेच माझी पेन्सिल थांबायला हवी होती. एफडीवर कधी जीएसटी लागतो का? विम्याच्या असल्या पारंपरिक पॉलिसीवर तेव्हा पहिल्या वर्षी साडेचार टक्के लागायचा, आणि ५ लाखांचे साडेचार टक्के बरोबर २२,५०० होतात. हिशेब चोख होता. मला त्यात त्रुटी दिसली नाही, कारण बेरीज बरोबर होती.

तीन दिवसांनी विमा कंपनीकडून पडताळणीचा फोन येणार म्हणून त्याने परत बोलावून घेतलं. फोन माझा, स्पीकरवर, टेबलाच्या मधोमध. पलीकडून एक बाई भरभर वाचत होती. पॉलिसीचा कालावधी, हप्ता भरण्याची मुदत, समजलं का? तो समोर बसून मान डोलवत होता आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत त्याने 'हो' लिहून ठेवलं होतं. मी सात वेळा 'हो' म्हणालो. ते सातही 'हो' पुढे माझ्याच गळ्यात आले.

पॉलिसीचं पाकीट पोस्टाने घरी आलं. बायको म्हणाली, "अहो, उघडून तर बघा." मी म्हटलं, एफडीची पावती आहे, आणि ते कुकरच्या वॉरंटी कार्डाबरोबर कपाटात टाकलं. तेव्हा पॉलिसी हातात पडल्यापासून १५ दिवसांत परत करता यायची. आता ३० दिवस मिळतात. ते पंधरा दिवस माझ्या कपाटातच गेले.

ऑगस्ट २०२३ मध्ये मोबाइलवर मेसेज आला: नूतनीकरणाचा हप्ता ५,११,२५०. मी पाकीट उघडलं. हप्ता दरवर्षी, १२ वर्षं. विमा मुलाच्या नावावर, मी नुसता प्रस्तावक, म्हणजे अर्ज करणारा आणि हप्ते भरणारा. सोबत प्रस्ताव अर्जाची छापील प्रत होती. त्यात माझा व्यवसाय 'शेती व व्यापार', वार्षिक उत्पन्न १८ लाख आणि ईमेल भलत्याच कुणाचा तरी. वर्षाचं पेन्शन सव्वातीन लाख आणि वर्षाचा हप्ता ५ लाख. असला प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी फाईल फेकली असती.

बँकेत गेलो. तो पोरगा दुसरीकडे लागला होता. मॅनेजर म्हणाले, तुम्ही दुसरा हप्ता भरा, म्हणजे सरेंडर करता येईल, पॉलिसी मध्येच मोडून पैसे घेता येतील. गणित असं होतं: त्या वेळच्या नियमाने दोन वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय सरेंडर व्हॅल्यूच नव्हती, आणि तेव्हाही हमीची रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या ३० टक्के. म्हणजे १० लाख घालून ३ लाख घ्या. ही पॉलिसी गळ्यात मारायची एवढी घाई का, तेही पुढे कळलं. बारा वर्षांच्या हप्त्याच्या पॉलिसीवर पहिल्या हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत कमिशनला तेव्हा मुभा होती. पाच लाखांचे ते पावणेदोन लाख होतात. साध्या एफडीवर बँकेला असं काय सुटणार?

दुसरा हप्ता भरला नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं. महिन्याभरात उत्तर आलं: पडताळणीच्या फोनवर आपण सर्व अटी मान्य केल्या आहेत, परत करण्याची मुदत संपली आहे.

मग विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निर्णय देणारा अधिकारी. आमच्या सातारा जिल्ह्याचं कार्यालय पुण्यात, नारायण पेठेत. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जायचं. अर्ज माझा मीच लिहिला, ते तरी मला येतं. फसवलं, लुबाडलं असले शब्द एकदाही वापरले नाहीत. डावीकडे अर्जातलं १८ लाखांचं उत्पन्न, उजवीकडे पेन्शन आदेशाची प्रत आणि बँकेचाच वर्षाचा खातेउतारा. ज्या बँकेत माझं पेन्शन जमा होतं, त्याच बँकेतून माझं उत्पन्न १८ लाख म्हणून लिहून गेलं होतं. व्हिडिओवर सुनावणी झाली, जेमतेम वीस मिनिटं. कंपनीच्या माणसाने रेकॉर्डिंग पुढे केलं. मग लोकपालांनी त्याला उत्पन्नाचा पुरावा विचारला, तेव्हा तो गप्प झाला.

एप्रिल २०२४ मध्ये ५ लाख परत आले. व्याज नाही, जीएसटीचे साडेबावीस हजार गेले. पण पोस्टाची ती महिन्याची मुदत तर कधीच उलटली होती. मे महिन्यात साठी पूर्ण होईपर्यंत थांबलो आणि जूनमध्ये वयाच्या दाखल्यावर खातं उघडलं. व्याज तोपर्यंत ८.२ टक्के झालं होतं. १ ऑक्टोबरला पहिल्या पूर्ण तिमाहीचे १०,२५० जमा झाले. ते पासबुक बायकोने स्वतः भरून आणलं. तिचा आता माझ्यावर तेवढा भरवसा नाही, आणि तिचं चुकत नाही.

तक्रार केल्यापासून एक नवीनच त्रास सुरू झालाय. पॉलिसी नंबरासकट फोन येतात. आम्ही विमा नियामकाकडून बोलतोय, तुमचा बोनस अडकलाय, २५ हजार भरले की सुटेल. नियामक कुणाला बोनस वाटत नाही, हे मला आता माहीत आहे. परवा असाच एक फोन आला. मी म्हटलं, जावक क्रमांक टाकून लेखी पाठवा, त्रुटी असल्यास कळवतो. त्याने फोन ठेवला.