कर्करोगाच्या उपचारांसाठी मुंबईत मुक्काम: धर्मशाळा, भाड्याची खोली की नातेवाइकांचे घर?

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात फाइल निघाली की तपासण्यांच्या तारखा मिळू लागतात आणि त्याच संध्याकाळी राहायचे कोठे, हा प्रश्न उभा राहतो. रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर ताडपत्री बांधून राहणारी कुटुंबे आजही दिसतात. परंतु ती नाइलाजाची वाट असल्याने तिचा विचार येथे केलेला नाही. उरलेल्या पर्यायांपैकी निवड करताना बहुतेक कुटुंबे आधी भाडे विचारतात, आणि नेमका तोच प्रश्न नंतर विचारण्यासारखा असतो. आधी डॉक्टरांकडून उपचारांचे वेळापत्रक समजून घ्यावे, कारण कोणती जागा परवडेल यापेक्षा कोणती जागा झेपेल हे त्यावर ठरते.

रेडिएशन सहसा सोमवार ते शुक्रवार रोज असते आणि तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगात ते सहा-सात आठवडे चालू शकते. म्हणजे येथे रोजच्या प्रवासाचे अंतर महत्त्वाचे. केमोचे गणित निराळे असते. अनेक औषधे दर 21 दिवसांनी दिली जातात, त्यामुळे रुग्णालयाच्या फेऱ्या कमी होतात. मात्र औषध दिल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात आणि त्या काळात 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट, किंवा त्याहून अधिक ताप आला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते. म्हणून केमोच्या रुग्णासाठी जागा पाहताना रात्री दोन वाजता टॅक्सी मिळेल का आणि शौचालय किती जणांत वापरावे लागेल, हे दोन प्रश्न भाड्याच्या आधी यावेत.

दादर पूर्वेची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही रुग्णांच्या निवासाची जुनी, विश्वासाची ठिकाणे आहेत. अशा ठिकाणी खर्च अत्यल्प असतो, रुग्णालय जवळ असते आणि शेजारच्या खाटेवरच्या कुटुंबाकडून कोणत्या खिडकीवर काय मागायचे, कोणत्या योजनेचा अर्ज कोठे द्यायचा, हे कळते. नवख्या माणसाला या माहितीचे मोल पैशांत मोजता येणार नाही. उणिवाही तेवढ्याच खऱ्या आहेत. जागेसाठी प्रतीक्षा करावी लागू शकते, मुक्कामाला मुदत असते, रुग्णासोबत किती जणांनी राहायचे याला मर्यादा असते आणि सामायिक खोलीत पेशी घटलेल्या रुग्णाला खोकणाऱ्या माणसापासून दूर ठेवणे कठीण जाते. प्रवेशासाठी सहसा रुग्णालयाची कागदपत्रे किंवा पत्र लागते, म्हणून दलालाला फोन करण्यापूर्वी रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांना भेटणे हे पहिले काम समजावे.

रुग्ण लहान मूल असेल तर सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स या संस्थेची निःशुल्क केंद्रे आधी विचारात घ्यावीत. तेथे प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र जागा आणि सामायिक स्वयंपाकघरात स्वतःचा ओटा मिळतो. प्रवेश रुग्णालयाच्या शिफारशीने होतो आणि माझ्या मते, जागा मिळत असल्यास मुलांच्या बाबतीत पुढची तुलना करण्याची गरजच उरत नाही.

भाड्याच्या खोलीचा खरा लाभ म्हणजे चूल आपली असते. तोंडाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला पातळ आहार किंवा नाकातील नळीवाटे अन्न द्यावे लागते. त्यासाठी मिक्सर, गाळणी, उकळलेले पाणी आणि दर दोन-तीन तासांनी ताजे काही करून देण्याची सोय हवी, जी धर्मशाळेत असेलच असे नाही. परळ, लालबाग, शिवडी भागात लहानशी खोलीही महाग पडते आणि जिना चढावा लागेल का, हे पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. नवी मुंबईतील खारघरला तुलनेने मोकळ्या जागा मिळतात; टाटाचेच अ‍ॅक्ट्रेक हे केंद्र तेथे असल्याने उपचार तेथे होणार असतील तर खारघर उत्तम, पण उपचार परळला असतील तर हार्बर लाइनने कुर्ल्याला येऊन गाडी बदलण्याचा रोजचा प्रवास अशक्त रुग्णाला सोसत नाही. लोकलच्या दिव्यांगांसाठीच्या डब्यातून कर्करुग्णांना प्रवास करता येतो, तरीही गर्दीच्या वेळी त्यात चढणे ही परीक्षाच असते. पावसाळ्यात हिंदमाता परिसरात पाणी साचते, हेही दादर-परळच्या बाजूने खोली घेताना लक्षात ठेवावे.

आजाराचे नाव ऐकून खोली नाकारणारे घरमालक भेटतात आणि काही जण तोंडी बोलीवर ठेवून घेऊन मध्येच खोली रिकामी करायला सांगतात. उपचारांच्या मध्यावर जागा सोडावी लागणे हा सर्वांत मोठा धोका असल्याने करार लेखी असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठराविक मुदतीसाठी जागा वापरू देण्याचा, करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि असा करार नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल आणि उपचार लवकर संपले तर किती दिवसांची सूचना द्यावी लागेल, ही दोन कलमे करारात आवर्जून लिहून घ्यावीत.

नातेवाइकांच्या घरी पैसे लागत नाहीत आणि मायेची माणसे असतात, परंतु वन-रूम-किचनमध्ये दोन संसार सहा आठवडे चालवणे दोन्ही बाजूंना जड जाते. तपासण्यांचे पहिले काही दिवस तेथे काढून त्याच काळात कायमची सोय शोधणे, हा मला सर्वांत व्यवहार्य मार्ग वाटतो.

शेवटी, संपूर्ण मुक्काम मुंबईतच करावा लागेल का, हेही डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. निदान आणि उपचारांची आखणी परळला करून पुढची केमो किंवा रेडिएशन बार्शी, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथील कर्करोग रुग्णालयात घेता येत असेल, तर रुग्णाला स्वतःच्या घराजवळ राहता येते आणि सोबतच्या माणसाची शेती किंवा नोकरीही टिकते. अवघड शस्त्रक्रिया किंवा दुर्मीळ आजार असल्यास ही सवड मिळत नाही. तपासणीसाठी अधूनमधून मुंबईस यावे लागले तर रेल्वेची सवलत आहे: शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात कर्करुग्णाला पूर्ण, तर सोबतच्या एका व्यक्तीला 75 टक्के सवलत मिळते. त्यासाठीचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्यावा लागतो, म्हणून गावी परतण्याआधीच तो मागून घ्यावा.